परदेशची विद्या आणि घरची जपणूक

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं आठ दिवसांच्या आंत दोन गोष्टी घडल्या. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू येथेंच नाशकास अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत शिकत होता. द्राक्षाच्या पानांवर ओल किती तास टिकते हें मोजून केवड्या रोगाची सूचना बागाईतदारास अगोदर देणारें एक लहानसें यंत्र त्यानें तयार केलें होतें. दिंडोरीकडील एका बागेंत छाटणीपासून काढणीपर्यंत तें ठेवून रोजची नोंद तो आपल्या संगणकांत उतरून घेई. एके रात्रीं त्या संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली आणि सबंध हंगामाची नोंद तिच्याबरोबर गेली. दुरुस्तीवाल्यानें ती चार दिवस ठेवून घेतली, आपलें मोल घेतलें आणि "यांतून कांहीं निघत नाहीं" असें सांगून परत दिली. ही पहिली गोष्ट. दुसरी अशी कीं, त्याच आठवड्यांत त्यास जर्मनींतील एका विद्यापीठाचें प्रवेशपत्र आलें.

एका डोळ्यांत हंसूं आणि दुसऱ्यांत आंसूं, अशी त्या पोराची अवस्था झाली. रात्रीं पानावर बसल्यावर घरांत दोन पक्ष पडले. पुतण्याचें म्हणणें, "शहराबाहेरचा प्लॉट विकूं, पण ही संधी दवडूं नये." आमचे बंधू म्हणाले, "ज्याला एका हंगामाची नोंद सांभाळतां आली नाहीं, तो परक्या मुलखांत स्वतःला काय सांभाळणार?" आमच्या मातोश्री नव्वदीच्या घरांत आहेत. त्या बराच वेळ ऐकत होत्या. शेवटीं म्हणाल्या, "जाऊं दे रे त्याला. पण तो परत येणार का, तेवढें मला कोणी तरी सांगा." यावर कोणीच बोललें नाहीं. मग बंधूंनीं, "दादा, तुम्ही म्हणाल तसें करूं," असें म्हणून सारा भार आमच्यावर टाकला.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. उभा जन्म मुलांना शब्दरूपावली व समास शिकविण्यांत गेला. परदेशाविषयीं आमचें मत तें काय असणार! परंतु हा प्रश्न आमच्याच जिल्ह्यांतील एका शास्त्रीबुवांच्या मुलानें शंभर वर्षांपूर्वीं प्रत्यक्ष सोडवून दाखविला आहे. त्याचें उत्तर अर्धें बरोबर आलें आणि अर्धें कायमचें हरवलें. आम्हीं त्या रात्रीं घरच्या मंडळींस तीच हकीकत सांगितली, आणि आज वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण असा प्रश्न हल्लीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं पडलेला आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृताचे विद्वान. मुलगाही त्याच वाटेनें जाईल अशी घराची अपेक्षा असावयाची. परंतु मुलाचा हात चित्राकडे वळलेला होता. १८८५ सालीं तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला, आणि पुढें बडोद्यास कलाभवनांत गेला. या कलाभवनाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. बडोद्याचे सयाजीराव महाराज हे मूळचे नाशिक जिल्ह्यांतील, मालेगांव तालुक्यांतल्या कौळाणें या खेड्याचे. त्यांच्या आश्रयानें १८९० सालीं प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनीं ही संस्था उभी केली. सामान्य घरच्या मुलांना रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला अशा हातच्या विद्या, आणि त्याही शक्य तितक्या देशी भाषेंतून शिकवाव्या, हा तिचा हेतु होता. आज ज्याला आपण तंत्रनिकेतन किंवा समाजाचें महाविद्यालय म्हणूं, त्याचा हा फार जुना आणि फार चांगला नमुना होय. छायाचित्रण, ठसे करणें, छपाई या विद्या फाळके यांना तेथें लाभल्या. पुढें त्यांनीं छायाचित्रकाराचा धंदा केला, पुराणवस्तु खात्यांत नोकरी केली, छापखाना काढला, आणि १९०९ सालीं छपाईचें तंत्र पाहण्यासाठीं जर्मनीची वारीही केली.

तात्पर्य, मुंबईच्या एका तंबूंत १९११ सालीं ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहून "आपले राम-कृष्ण पडद्यावर कां दिसूं नयेत?" हा विचार त्यांच्या मनांत आला, तेव्हां त्यांची चाळिशी उलटली होती आणि वीस-पंचवीस वर्षांची हातची विद्या पाठीशीं होती. तरीही ते लगेच बोटींत बसले नाहींत. मिळतील तीं पुस्तकें व किंमतपत्रकें त्यांनीं वाचून काढलीं, रोज खेळ पाहिले, रात्र रात्र जागून प्रयोग केले. या अतिश्रमानें त्यांचे डोळे गेले. सुदैवानें उपचारांनीं दृष्टि परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनीं कर्ज काढलें आणि १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनला पोहोंचले.

आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ते तेथें वर्षानुवर्षें राहिले नाहींत. 'बायोस्कोप' नांवाच्या साप्ताहिकाच्या कचेरींत ते ओळखीपाळखीवांचून गेले. संपादकानें प्रथम या धंद्यांत न पडण्याचा सल्ला दिला, पण या माणसाची तयारी पाहून त्यांची गांठ सेसिल हेपवर्थ या चित्रपटकर्त्याशीं घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओंत काम कसें चालतें तें फाळक्यांनीं थोडे दिवस बारकाईनें पाहिलें, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा विकत घेतला, कोऱ्या फिल्मची मागणी नोंदविली आणि एप्रिलमध्यें ते मुंबईस परतले. आपल्याला काय येत नाहीं हें ज्याला नेमकें ठाऊक असतें, त्याला तें शिकण्यास फार काळ लागत नाहीं. जो नुसता "तिकडे कांहीं तरी मिळेल" म्हणून जातो, त्याचीं चार वर्षेंही अपुरीं पडतात.

परत आल्यावरची हकीकत आमच्या घरच्या बायकांनीं विशेष लक्ष देऊन ऐकली. विकत आणलेल्या कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकें नसत. तीं अंधारांत, एकेक करून, यंत्रानें पाडावीं लागत. हें काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्रीं घरकाम आवरल्यावर करीत. पैसा लावणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून फाळक्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, आणि कॅमेरा एका जागीं रोवून त्या अंकुराचें चित्र दिवसांमागून दिवस थोडें थोडें टिपलें. पडद्यावर पाहणाऱ्यांस बीं डोळ्यांदेखत वाढून वेल झालेला दिसला. 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला तो दादरच्या त्यांच्या बिऱ्हाडाच्या आसऱ्यानें. काम करणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे; रोहिदासाचें काम थोरला मुलगा भालचंद्र यानें केलें. स्त्रीभूमिकेस कोणी बाई मिळेना, तेव्हां एका उपाहारगृहांतील अण्णा साळुंके या तरुणास तारामती केलें. सहा महिने सत्तावीस दिवसांनीं चित्रपट पुरा झाला आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत तो लोकांनीं पाहिला. त्याच वर्षीं फाळके आपलें बिऱ्हाड व कारखाना घेऊन नाशकास आले.

१९१४ सालीं ते आपले चित्रपट घेऊन पुन्हां लंडनला गेले. तेथील जाणत्या मंडळींनीं त्यांची वाहवा केली, आणि तिकडेच राहून काम करण्याविषयीं त्यांना विचारणाही झाली. ती त्यांनीं नाकारली. मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें येथें आहे. फाळके परत आले ते केवळ कर्तव्य म्हणून नव्हे, किंवा कोणी शपथ घातली होती म्हणूनही नव्हे. त्यांचें अर्धें काम नाशकास मांडून ठेवलेलें होतें आणि घरचीं माणसें त्यांत गुंतलेलीं होतीं. ज्याचें काम घरीं वाट पाहत असतें तो परततो. ज्याची फक्त माणसें वाट पाहतात, तो सणासुदीला येतो.

आतां हरवलेल्या अर्ध्या उत्तराकडे वळूं. फाळक्यांनीं पुढें नाशिकहून 'लंकादहन', 'श्रीकृष्णजन्म', 'कालियामर्दन' असे कितीएक चित्रपट काढले. 'कालियामर्दना'त त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. त्यांच्या चित्रपटांची संख्या नव्वदांच्या वर सांगतात. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशकांतच त्यांचें निधन झालें. त्यांच्या नांवाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. परंतु त्या नव्वदांतील बहुतेक चित्रपट आज कोणासही पाहतां येत नाहींत, कारण ते उरलेच नाहींत.

याचें कारण त्या फितीच्या द्रव्यांतच आहे. त्या काळची फिल्म नायट्रेट सेल्युलोजची, म्हणजे स्फोटक कापसाची जवळची भाऊबंद. ती उष्णतेनें पेटते, आणि एकदां पेटली कीं पाण्यांत बुडविली तरी विझत नाहीं, कारण जळण्यास लागणारा प्राणवायु तिच्या पोटांतच असतो. पेटली नाहीं तरी दमट हवेंत ती हळूहळू चिकट होते आणि शेवटीं तिची भुकटी होते. शिवाय फितींत चांदीचा अंश असल्यानें पुष्कळ जुन्या चित्रपटांचीं रिळें चांदी काढण्यासाठीं मोडींत गेलीं. आपल्या देशांत हजारावर मूकपट निघाले. त्यांपैकीं पुरे किंवा तुटक उरलेले फारच थोडे.

१९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें. तेथें पी. के. नायर नांवाचे एक चिकाटीचे गृहस्थ आले. जुन्या रिळांच्या शोधांत ते देशभर हिंडले. लोकांच्या घरांतून, गुदामांतून, मोडींतून त्यांनीं तुकडे जमविले. फाळके कुटुंबीयांकडे राहिलेले अवशेषही त्यांनींच मिळविले. म्हणून आज 'कालियामर्दन' बराचसा पाहतां येतो, आणि 'राजा हरिश्चंद्र' या नांवाचीं पहिलें व शेवटचें अशीं दोन रिळें शिल्लक आहेत. तींही १९१३ चीं नसून १९१७ सालीं फाळक्यांनीं पुन्हां केलेल्या चित्रपटाचीं असावींत, असें कांहीं जाणकारांचें मत आहे. पुढें जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत लागलेल्या आगींत नायट्रेटच्या जुन्या रिळांचा मोठा सांठा भस्म झाला. ज्या चित्रपटांची प्रत अगोदरच न पेटणाऱ्या फितीवर उतरून ठेवलेली होती, तेवढेच पुढील पिढीच्या हातीं राहिले.

हें ऐकून आमचा नातू हळूच म्हणाला, "आजोबा, म्हणजे माझ्यासारखेंच झालें." आम्हीं म्हटलें, "तुझ्यासारखेंच. फाळक्यांपाशीं दुसरी प्रत ठेवण्याइतका पैसा किंवा सोय नव्हती. तुझ्यापाशीं दोन्ही होतीं."

आपल्या वाडवडिलांस हा धोका पुरता ठाऊक होता. लेखनाचा आधार न घेतां वेद हजारों वर्षें जसेच्या तसे राहिले ते कशानें? एकच संहिता अनेक रीतींनीं पाठ करण्याची योजना होती म्हणून. पदपाठांत प्रत्येक शब्द सुटा. क्रमपाठांत पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशी सांखळी. जटापाठांत पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हां पहिला-दुसरा. घनपाठांत याहून गुंतागुंत. एका पाठांत चूक शिरली तर दुसरा पाठ ती उघडी पाडतो. आणि काशी, नाशिक, कोंकण, द्रविड देश अशा दूरदूरच्या ठिकाणीं तेंच पठण चालू असल्यामुळें एखाद्या गांवावर संकट आलें तरी विद्या बुडत नसे. आजचे संगणकवाले 'तीन-दोन-एक' असा एक नियम सांगतात. पीटर क्रोग नांवाच्या एका अमेरिकन छायाचित्रकारानें तो रूढ केला. महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक तरी घराबाहेर असावी. घरचे फोटो, जमिनीचे कागद, आजारपणाचे अहवाल आणि मुलांचे अभ्यास, हीं सर्व आज एकाच खिशांतल्या यंत्रांत ठेवून निर्धास्त झोंपणाऱ्या प्रत्येक घरानें हा नियम देवघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

गमावलेलें पुन्हां उभें करण्याचा आणखी एक दाखला याच बडोद्याशीं निगडित आहे, आणि तो सांगितल्यावांचून आमचें म्हणणें पुरें होत नाहीं. १९१३ सालीं सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठांत गेले, तेथून लंडनला. १९१७ सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. त्यांचा ग्रंथसंग्रह दुसऱ्या बोटीनें येत होता. ती बोट जर्मन पाणबुडीनें बुडविली. परंतु याहून मोठें नुकसान जमिनीवर झालें. बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास आलेल्या या विद्वानाला राहण्यास कोणी जागा देईना, आणि थोड्याच दिवसांत त्यांना तें शहर सोडावें लागलें. त्यांनीं हार मानली नाहीं. मुंबईंत प्राध्यापकी करून पैसे सांठविले, शाहू महाराज व एक पारशी स्नेही यांचें साह्य घेतलें, १९२० सालीं पुन्हां लंडन गांठलें आणि १९२३ सालीं डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळविली. बुडालेलें सारें त्यांनीं स्वकष्टानें परत मिळविलें. तरीही २ मार्च १९३० रोजीं आमच्याच नाशकांत काळारामाच्या दारीं त्यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला, तेव्हां तें दार उघडलें नाहीं. आम्ही त्याच गांवचे, आणि दार बंद ठेवणाऱ्यांच्याच समाजांतले. "मुलें शिकून परत येत नाहींत" अशी तक्रार करण्यापूर्वीं, परत आलेल्यास आपण कसें वागविलें, हें आपण एकदां आठवावें. पूर्वीं आपल्याच जातींतील समुद्रपर्यटन करणाऱ्यांस आपण प्रायश्चित्त देत होतों. आज तें देत नाहीं. पण परत आलेल्या मुलास, "तिकडे टिकला नाहीं वाटतें," असें शेजारीपाजारी सहज म्हणतात, तेंही प्रायश्चित्तच नव्हे काय?

आतां खर्चाची बाजू. जर्मनींतील बहुतेक सरकारी विद्यापीठें परदेशी विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेत नाहींत. बाडेन-व्युर्टेंबर्ग या प्रांतांत मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांस दर सहामाहीस १,५०० युरो पडतात. राहण्याजेवण्याच्या खर्चाची हमी म्हणून एका बंद खात्यांत रक्कम आगाऊ भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षास ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक, अशी ठरली. ही रक्कम फी नव्हे. दरमहा थोडी थोडी विद्यार्थ्यासच परत मिळते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांस आपलीं प्रमाणपत्रें एपीएस या कचेरीकडून अगोदर तपासून घ्यावीं लागतात, त्यांतही कांहीं आठवडे जातात. हे आंकडे वेळोवेळीं बदलतात, म्हणून दलालाच्या तोंडच्या हिशेबावर न जातां विद्यापीठाचें व वकिलातीचें पत्रक घरांतील दोघांनीं तरी स्वतः वाचावें. आम्हीं तें वाचलें, तेव्हां असें आढळलें कीं प्लॉट विकण्याची गरज नाहीं. घरची थोडी शिल्लक आणि माफक कर्ज यांत पहिलें वर्ष निभावतें.

शेवटीं आम्हीं नातवास एकच विचारलें: "तेथें जाऊन नेमकें काय शिकणार, जें येथें मिळत नाहीं?" त्यास उत्तर देतां आलें नाहीं. "दोन दिवसांनीं सांगतों," असें म्हणून तो उठला आणि दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या एस.टी.नें दिंडोरीकडे गेला. संध्याकाळीं परतला तेव्हां त्याच्या हातांत एक जाड वही होती. त्या बागाईतदारास यंत्रावरचा आंकडा रोज सकाळीं स्वतः वाचून वहींत टिपण्याची संवय होती. यंत्रावर त्यांचा पुरता विश्वास नव्हता, हें त्याचें कारण! त्या अविश्वासानें आमच्या पोराची लाज राखली. तासातासाची नोंद गेली ती गेलीच, पण दिवसादिवसाचा आंकडा कृषिभाऊंच्या वळणदार अक्षरांत शाबूत होता. घरांतील चार मुलांनीं मिळून तीन रात्रींत तो पुन्हां संगणकांत उतरविला. हें काम चाललें असतां, यंत्र कोठें चुकतें, कोणत्या दिवशीं त्याचा आंकडा व बागेंतील प्रत्यक्ष रोग यांचा मेळ बसत नाहीं, तें त्याच्या ध्यानांत आलें. "आजोबा, मला हेंच शिकायचें आहे," तो म्हणाला. तेव्हां आम्हीं संमति दिली.

आश्विनांत तो जर्मनीस गेला. जाण्याच्या आदल्या दिवशीं त्यानें आपल्या कामाच्या तीन प्रती केल्या: एक बरोबर घेतली, एक दिंडोरीस त्या बागाईतदारांकडे ठेवली. तिसरी एका लहानशा डबींत घालून त्यानें पणजीच्या हातीं दिली. मातोश्रींनीं ती आपल्या लांकडी पेटींत, पोथ्यांच्या रुमालाखालीं ठेवली आणि कुलूप लावलें. परवां आम्हीं सहज विचारलें, "काय ग आई, येईल का तो परत?" त्या म्हणाल्या, "त्याचें काम माझ्यापाशीं आहे. न्यायला यावेंच लागेल."